काठाकाठाने फतेहसागर

उदयपूरला पळायला येणारे बहुतेक जण थेट फतेहसागरच्या बांधावर येतात. मला मात्र ही फेरी थोडी अलीकडून, स्वरूपसागरच्या काठापासून सुरू करायला आवडते. कारण तिथून फतेहसागरपर्यंत एक कालवा जातो. त्याला सगळे लिंक नहर म्हणतात. उन्हाळ्यात त्यात बघण्यासारखं काही नसतं, पर्यटक तर त्याच्याकडे वळूनही पाहत नाहीत. पण या शहराचं मर्म मला या कालव्याच्या कडेनेच कळत गेलं.

पश्चिमेच्या डोंगरांतून सीसारमा नदी पिछोल्यात येते. पिछोला रंगसागरला आणि स्वरूपसागरला जोडलेला आहे. तिथून लिंक नहर पाणी फतेहसागरला पोचवते. दुसऱ्या बाजूने मदारच्या तलावांचं पाणी वेगळ्या कालव्याने येऊन मिळतं. फतेहसागर भरला, की दरवाजे उघडतात आणि पाणी आयड नदीत उतरून उदयसागरकडे निघतं. पुढे तेच बेडच, बनास, चंबळ, यमुना करत गंगेला मिळतं. अरवलीतल्या एखाद्या उतारावर पडलेल्या सरीचा असा बंगालच्या उपसागरापर्यंतचा प्रवास ठरलेला आहे, आणि त्यातला एक लहानसा टप्पा मी रोज पायांनी मोजते.

पावसाळ्यात इथल्या सकाळींना वेगळीच उत्सुकता असते. पिछोल्याची पूर्ण पातळी 11 फूट, फतेहसागरची 13. हे आकडे इथे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पळताना समोरून येणारी आजोबा मंडळी ‘राम राम सा’ म्हणतात आणि लगेच विचारतात, “कितने फीट हुआ?” दरवाजे उघडले, की अख्खं शहर बायकामुलांसह पाणी बघायला लोटतं. कोसळणाऱ्या पाण्यासमोर उभ्या असलेल्या त्या चेहऱ्यांवर मी निव्वळ कृतज्ञता पाहिली आहे. ती समजायला इथला दुष्काळ ठाऊक असावा लागतो. या शतकाच्या सुरुवातीच्या कोरड्या वर्षांत हे तलाव आटले होते. नावा चालायच्या तिथे तळाला भेगा पडल्या होत्या. ज्यांनी ते पाहिलं, ते भरलेल्या तलावाला गृहीत धरत नाहीत.

कालवा मागे पडला, की डाव्या हाताला फतेहसागर उघडतो. उजवीकडे मोती मगरीची टेकडी, माथ्यावर चेतकवर स्वार झालेले महाराणा प्रताप. सूर्य या टेकडीमागून वर येतो, त्यामुळे काठावर अजून सावली असते आणि पलीकडे दूर डोंगरावरचा सज्जनगड आधी उजळतो. मग ऊन डोंगरउतारावरून खाली सरकत पाण्याला टेकतं. तोवर मी बांधावर पोचलेली असते. इथे त्याला पाल म्हणतात. खालच्या मुंबईया बाजारातल्या कॉफीच्या टपऱ्या अजून बंद असतात. त्या संध्याकाळच्या. सकाळ चालणाऱ्यांची, पळणाऱ्यांची आणि पाणकावळ्यांची.

सतराव्या शतकात महाराणा जयसिंहांनी इथे तलाव बांधला. पुराने बांध वाहून गेला. 1889 मध्ये महाराणा फतेहसिंहांनी तो नव्याने उभारला आणि तलावाला त्यांचं नाव मिळालं. पिछोला त्याहून कितीतरी जुना. चौदाव्या शतकात, राणा लाखांच्या काळात, एका बंजाऱ्याने तो बांधला असं सांगतात. पुढे शहर वसवताना उदयसिंहांनी तो वाढवला. म्हणजे पर्यटक ज्याला निसर्गसौंदर्य म्हणून डोळ्यांत साठवून नेतात, ते पिढ्यान् पिढ्या माणसांनी अडवून, जोडून, डागडुजी करून राखलेलं पाणी आहे. हे कळल्यावर मला हा देखावा कमी सुंदर वाटला नाही, उलट जास्त आपला वाटला.

तलावात तीन बेटं आहेत. एकावर नेहरू पार्क, एकावर कारंजं आणि एकावर सौर वेधशाळा. सूर्याचा अभ्यास करायला पाण्यात कशाला जायचं? ऊन चढलं, की जमीन तापते, तिच्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतलं सूर्यबिंब हलू लागतं. भोवती पाणी असलं, तर ती थरथर कमी होते. म्हणून 1970च्या दशकापासून शास्त्रज्ञ या बेटावरून सूर्यावरचे डाग आणि ज्वाळा न्याहाळत आले आहेत. दमून पालीवर क्षणभर थांबते, तेव्हा पाण्यावरून येणारी ती संथ हवा मला छातीत जाणवते.

पालीखाली सहेलियों की बाडी आहे. तिथली कारंजी तलावाच्या पाण्याच्या दाबावर उडायची, पंप नव्हते तेव्हाही. उंचीवर साठवलेल्या पाण्याने खालच्या बागेला दिलेलं ते दान. देवालीपाशी रस्ता वळतो, नीमच मातेची टेकडी मागे राहते आणि राणी रोड सुरू होतो. हा फेरीतला सगळ्यात निवांत भाग. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी. चढ येतो तसा श्वास जड होतो, पाऊल आखूड पडतं, बोलणं आपोआप थांबतं. राजीव गांधी पार्कपाशी आलं, की पलीकडच्या काठावर मघाची पाल दिसते आणि आपण एवढ्या पाण्याला वळसा घालून आलो याचा मनापासून आनंद होतो.

या फेरीने मला शिकवलं ते एवढंच, की तलाव एकटा जगत नाही. वरचा भरतो तेव्हा खालच्याला मिळतं. मधली नहर बुजली, ओढ्यावर बांधकाम झालं, सांडपाणी आत शिरलं, तर सगळी साखळी आजारी पडते. इथल्या झील संरक्षण समितीसारख्या संस्था हे वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. रविवारी श्रमदानाला जमणारी माणसं पाण्यातली जलपर्णी, प्लास्टिक, निर्माल्य बाहेर काढतात. ज्या काठाने आपल्याला दम आणि उमेद दिली, त्याचं काही देणं लागतंच. म्हणून पळणं संपल्यावर बूट काढून त्यांच्यात उतरणं, चिखलात हात घालणं, हा मी फेरीचाच शेवटचा टप्पा मानते.