आधी काम, मग व्याख्या

धडा सुरू करण्याआधी कठीण शब्द आणि त्यांचे अर्थ फळ्यावर लिहून द्यायचे, या पद्धतीचा मी वर्षानुवर्षं कट्टर पुरस्कर्ता होतो. कोळसा आणि रेल्वे हा विषय आला की ओव्हरबर्डन, खुली खाण, सायडिंग, रेक, वॅगन टिपलर अशी यादी तयारच असे. परीक्षेत व्याख्या विचारतात, पोर्शन संपवायचा असतो. यादीइतकं सोयीचं दुसरं काही नाही. आता मात्र मी तिच्या बाजूने बोलणार नाही.

आमची शाळा चंद्रपूर जिल्ह्यातली. टिपलर म्हणजे भरलेली वॅगन उलटवून रिकामी करणारं यंत्र, हे अख्खा वर्ग घडाघडा सांगायचा. एकदा मी विचारलं, काही गाड्या टिपलरशिवायच रिकाम्या होतात, त्या कशा? सगळे गप्प. मग डंपर चालवणाऱ्याची मुलगी म्हणाली, "सर, त्या डब्यांची दारं खालून उघडतात. रुळांखालीच खड्डा असतो, कोळसा सरळ त्यात पडतो." तिच्याकडे व्याख्या नव्हती, काम कसं चालतं ते ठाऊक होतं.

तेव्हापासून मी कोळशाच्या मागोमाग जातो. खुल्या खाणीत आधी वरची माती आणि दगड काढावे लागतात. ते टाकायचे कुठे? रस्त्यावरून दिसणारे ओबीचे, म्हणजे ओव्हरबर्डनचे, डोंगर मुलांच्या ओळखीचे असतातच. मग सुरुंग, शॉवेल, डंपर, क्रशर आणि शेवटी कोळसा वॅगनींत भरण्याची सायडिंग. अठ्ठावन्न-एकोणसाठ वॅगनींचा एक रेक, प्रत्येकीत साठेक टन. गुणाकार मुलंच करतात आणि साडेतीन हजारांच्या आसपासचा आकडा पाहून वीज केंद्राला रस्त्याऐवजी रेल्वे का लागते हे आपणच बोलून दाखवतात. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत 1870 च्या दशकात रूळ आले तेही तिथल्या कोळशासाठी, हा इतिहास मग वेगळा शिकवावा लागत नाही.

भूमिगत खाणीचं तर एक उदाहरण पुरतं. सरदार, म्हणजे खाणीतला पर्यवेक्षक, काठीने छत ठोकून बघतो. खणखणीत आवाज आला तर दगड घट्ट, पोकळ आला तर वरचा थर सुटलेला. एवढं सांगितलं की छताला बोल्ट का मारतात, खांब का राखतात, हे मुलं विचारू लागतात आणि शब्द त्या प्रश्नांबरोबर येतात.

यात वेळ जास्त जातो, हा सहकाऱ्यांचा आक्षेप खरा आहे. म्हणून व्याख्या मी सोडलेल्या नाहीत. त्या शेवटच्या तासाला मुलांकडूनच लिहून घेतो. चुकलेली व्याख्या दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात. न समजता पाठ केलेली मात्र बरोबरच दिसते, त्यामुळे ती दुरुस्त करावी असं कुणाला वाटतही नाही.