मोडण्यासाठीं केलेली खीळ

बर्फाविषयींची आपल्याकडील कल्पना बहुधा चित्रांवरून बनलेली असते. तो कापसासारखा असतो, अलगद पडतो आणि साऱ्या गांवाला गप्प करतो, अशीच आमचीहि समजूत होती. मॉन्ट्रियलच्या उपनगरांत घर केल्यावर पहिल्याच हिंवाळ्यांत ती वितळली. पडतांना बर्फ कापूस असेल. पण नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करीत गेला, कीं प्रत्येक घराच्या तोंडाशीं जो बांध घालून जातो, तो गोठून भिंतीसारखा होतो. तो फोडल्यावांचून मोटार बाहेर निघत नाहीं. म्हणून आम्हीं स्नोब्लोअर नांवाचें यंत्र घेतलें.

यंत्र याच मुलुखाचें. आर्थर सिकार या क्वेबेकच्या गृहस्थाला शेतांतील मळणीयंत्र पाहून याची कल्पना सुचली, असें सांगतात. १९२७ सालीं त्यानें आपलें पहिलें यंत्र मॉन्ट्रियललगतच्या उत्रमों गांवाला विकलें. घरगुती यंत्र हें त्याचेंच धाकटें भावंड म्हणावयाचें. पुढची मळसूत्री फिरकी बर्फ कुरतडून मध्यभागीं ओढते आणि मागचा पंखा तो नळींतून दूर फेकतो. फिरकीचे दोन्ही भाग दांड्यावर एकेका लहान खिळीनें बसविलेले असतात. तिला शिअर पिन म्हणतात. ती मुद्दामच कमकुवत केलेली असते. फिरकींत एखादा दगड अडकला, कीं ती तुटते, त्या बाजूची फिरकी थांबते आणि आंतील दांतेरी चाकांची पेटी वांचते.

हें सर्व माहितीपुस्तकांत लिहिलें होतें आणि आम्हीं वाचलेंहि होतें. पण वाचणें निराळें आणि मानणें निराळें. गेल्या हिंवाळ्यांत एका आठवड्यांत तीन पिना तुटल्या, तेव्हां आमचा अभिमान दुखावला. एका दिडकीच्या वस्तूनें एवढें यंत्र अडवून धरावें म्हणजे काय? आम्हीं हत्यारांच्या पेटींतून एक कणखर पोलादी बोल्ट काढला आणि पिनेच्या जागीं आवळला.

"अहो, करणाऱ्यानें कांहीं विचार करूनच ती मऊ ठेवली असेल ना?" अशी घरांतून पृच्छा झाली.

"आतां पाहाच, कशी तुटते ती!" आम्हीं म्हणालों.

आमचें म्हणणें खरें ठरलें. चार दिवसांनीं बांधाखालच्या दगडाशीं गांठ पडली, तेव्हां बोल्ट तुटला नाहीं. पेटींतील चाकांचे दांत मात्र गेले.

दुसऱ्या दिवशीं पुन्हां गुडघाभर बर्फ पडला. आम्ही फावडें घेऊन बाहेर आलों. शेजारी सत्तरी उलटलेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या दारापुढचा बर्फ आम्हीच यंत्रानें काढून देत असूं. आमची फजिती पाहून ते आपलें फावडें घेऊन मदतीस आले. नको म्हटलें तरी ऐकेनात. पाव तासानें ते बोलतां बोलतां थांबले आणि छातीवर हात ठेवून पायरीवर बसले. आमची मोटार बांधाच्या आंत अडकलेली. रुग्णवाहिका आली ती रस्त्यावरच उभी राहिली, आणि तींतील माणसें स्ट्रेचर घेऊन तो बांध ओलांडून आलीं. आमच्या हट्टापायीं न फुटलेला तोच बांध!

कडक थंडीनें रक्तवाहिन्या आकसतात आणि हातांच्या श्रमानें रक्तदाब चढतो. बर्फ उपसणें हृदयाला किती जड जातें, हें डॉक्टरांकडून आम्हांस मागाहून कळलें. सुदैवानें ते गृहस्थ वांचले. घरीं आल्यावर त्यांनीं दोष दिला नाहीं. फक्त तो बोल्ट पाहावयास मागितला, तळहातावर तोलला आणि म्हणाले, "बोल्ट फार उत्तम आहे." इतका झोंबणारा शब्द आम्हीं कधीं ऐकला नव्हता.

या वर्षी बर्फ पडण्यापूर्वीच आम्हीं यंत्र उघडलें. प्रथम स्पार्क प्लगची तार काढून ठेवली. नवी पेटी बसविली. दोन्ही बाजूंचे झिजून पातळ झालेले लोखंडी तळवे बदलले, खालची खरवडणारी पट्टी बदलली, कडा चिरलेला रबरी पट्टा बदलला. काढलेले भाग ओळीनें मांडले, तेव्हां ध्यानांत आलें कीं ज्यांनीं झिजावयाचें तेच झिजले होते. तळवे झिजले म्हणून पट्टी टिकली आणि पट्टी झिजली म्हणून यंत्राचें तोंड शाबूत राहिलें.

झिजणें या शब्दाला मराठींत चंदनाचा वास आहे. त्यामुळें आपण झिजणाऱ्याचें कौतुक करून मोकळे होतों. त्याची झीज वेळीं भरून काढावी, हें सुचत नाहीं. आणि जें वांकतें, तुटतें, माघार घेतें, त्याला तर आपण दुबळेंच समजतों. तें तुटून कोणाला वांचवितें, हें तें नसतांना कळतें. पिन दुकानांत दुसरी मिळते. पायरीवर बसलेल्या त्या गृहस्थांच्या जागीं ठेवावयास आमच्यापाशीं दुसरें कांहीं नव्हतें.

दाराजवळच्या खुंटीला आतां पिनांची पुडी टांगलेली आहे. पहिला बर्फ पडेल तेव्हां सुरुवात शेजाऱ्यांच्या दारापासून करावयाची, आणि पिन तुटली तर न रागावतां दुसरी घालावयाची, असें आम्हीं ठरविलें आहे.