गोळीचा उकाडा
शस्त्रक्रिया झाली, की नातेवाईक 'सुटलात एकदाचे!' म्हणून मोकळे होतात. आमच्या सौ.ची परीक्षा मात्र त्यानंतर सुरू झाली. स्तनाच्या कर्करोगाला इस्ट्रोजेनचे बळ मिळू नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी रोज, निदान ५ वर्षे. १९६२ साली इंग्लंडमध्ये तयार झालेल्या या औषधाने असंख्य स्त्रियांचे आयुष्य वाढवले. पण रजोनिवृत्तीचे त्रासही ते पदरात टाकते.

बेळगावच्या ऐन थंडीत ती मध्यरात्री घामाने निथळत उठते. मराठीत उकाडा, कन्नडमध्ये सेखे; दोन्ही शब्द हवामानाचे! अंगातून उसळणारी ही आग सांगायची कोणत्या शब्दांत? 'बायकांना असतंच ते' म्हणून ऐकणारेही गप्प बसवतात. गेल्या पौषात ती म्हणाली, "नको मला ती गोळी." अशाच कंटाळून काहीजणी औषध सोडतात, आणि खरा धोका तिथेच आहे.

या त्रासावर इस्ट्रोजेन देता येत नाही. दुसरी औषधे आहेत. तीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत, कारण पॅरॉक्सेटीनसारखे औषध टॅमॉक्सिफेनचा गुण कमी करू शकते. हल्ली सौ. तपासणीला जाताना रात्रींची नोंदवही नेते. मागच्या खेपेस डॉक्टरांनी रिपोर्टाआधी तीच मागितली.