दुसरी वेलांटी

गॅली. जुळवलेल्या अक्षरांच्या खिळ्यांवर शाई फिरवून लांबट कागदावर काढलेला ठसा. शाई वाळायच्या आत तो मुद्रितशोधकाच्या टेबलावर यायचा. अनंत भालेरावांचा ‘मराठवाडा’, मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’, गंगाधर पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ ही वृत्तपत्रे-नियतकालिके छत्रपती संभाजीनगर या शहरात खिळ्यांच्याच काळात वाढली.

मोठ्याने वाचणे. एकाने हस्तलिखित वाचायचे, दुसऱ्याने प्रुफावर बोट फिरवायचे. वाचणारा नुसते शब्द वाचत नसे. ‘पहिली वेलांटी’, ‘दुसरा उकार’, ‘स्वल्प’, ‘पूर्ण’ हेही म्हणत जायचा. ‘आणि’ची पहिली आणि ‘पाणी’ची दुसरी वेलांटी अशी कानात बसलेली असे. समासात काकपद, जोडणीचा कंस, गाळण्याची खूण. आता मजकूर लिहिणाऱ्याच्या पडद्यावरून थेट वाचणाऱ्याच्या पडद्यावर जातो. मधली दोन माणसे गेली, आणि या यादीतले सर्वांत मोठे नुकसान मला तेच वाटते.

‘नांव’वरचा अनुस्वार. न उच्चारले जाणारे अनुस्वार 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढले. ‘पांच’, ‘कांहीं’, ‘घरें’ गेले. माणसाचे नांव आणि नदीतली नाव एकसारखी दिसू लागली. तरीही तो निर्णय बरोबर होता. ज्या घरात पहिल्यांदाच पाटी आली, त्या घरातल्या मुलाला हे ठिपके पाठ करायला लावणे अन्यायाचे होते. पुढे 1972 साली चार नियम वाढून ते अठरा झाले. त्यांतला एक मात्र आज कोणी पाळताना दिसत नाही: केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मूळ वळणानेच छापावे. जालावरच्या कितीतरी संतवाङ्मयात जुने अनुस्वार एका ओळीत दिसतात, पुढच्या ओळीत नाहीत. कोणत्या प्रतीवरून मजकूर घेतला, हेही लिहिलेले नसते. आणि हे एकनाथांच्या जिल्ह्यात आपण चालवून घेतो! पैठणच्या या माणसाने शके 1506मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीत शिरलेली पाठांतरे काढून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी स्वतःची ओवी त्यात घालू नये, अशी ताकीदही दिली.

ऱ्या. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना मजुरी. दर्या कोकणात, दऱ्या अजिंठ्याला. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना हा अर्धा र हमखास बिघडतो. शिवाय तो दोन रीतींनी टंकता येतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर पुष्कळदा हाती लागत नाही.

देठाचा श, पाकळीचा ल. शासनाने 6 नोव्हेंबर 2009च्या निर्णयात मराठीसाठी हीच वळणे ठरवली. मुले पाटीवर ती गिरवतात आणि मोबाइलवर हिंदी वळणे वाचतात.

छत्रपतीची दीर्घ ती. संस्कृतात पहिली वेलांटी असलेल्या तत्सम नामाची शेवटची वेलांटी मराठीत दुसरी, हिंदीत पहिलीच. 2023मध्ये शहराचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले आणि हा नियम घराघराच्या पत्त्यात आला. तरी दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांत ‘छत्रपति’ दिसते. हिंदी वळणाचे शब्द सुचवणारा कळफलक, आणि तपासायला कोणी नाही.

हात आवरणे. मुद्रितशोधकाच्या अंगी हा गुण लागे. रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी 1971ची. गावातल्या शिंप्याची बायको ती आपल्या बोलीत सांगते. ‘अस्मितादर्श’मध्ये लिहिणाऱ्या कितीतरी जणांच्या घरात लिहिणारी ती पहिलीच पिढी होती. अशा मजकुरात ‘न्हाई’, ‘व्हतं’ला हात लावायचा नाही, पण लेखकाकडून नजरचुकीने राहिलेला काना भरायचा, हे माणसाला कळते. तपासणीची आज्ञावली सगळ्यालाच लाल रेघ मारते. शुद्धलेखनाच्या नावाखाली बोलीला हिणवणाऱ्यांनी या कामाची बदनामी केली, हे खरेच. म्हणून हे कामच नको, असे मात्र मला वाटत नाही. ज्यांचे लिहिणे पहिल्यांदा छापले जात होते, त्यांनाच चांगल्या मुद्रितशोधकाची गरज सर्वाधिक होती.

शुद्धिपत्र. पुस्तकात चिकटवलेला चतकोर कागद: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. वाचक पेन घेऊन आपल्या प्रतीत दुरुस्ती करीत. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची चौकट यायची. आता पडद्यावरची बातमी दुपारी गुपचूप बदलते. सकाळी चुकीचा आकडा वाचून गेलेल्याला ते कळतच नाही. त्याने तो पुढे पाठवलेलाही असतो. बातमीखाली काय बदलले आणि केव्हा, एवढी एक ओळ टाकायला ना कागद लागतो ना खिळे. शहरातल्या प्रत्येक संपादकाने ती उद्यापासून टाकावी.