‘काय, निघालात वाटतं?’

सकाळी हातात छत्री व काखेत पुस्तके घेऊन आम्ही अंधेरी स्टेशनाची वाट धरली, की भेटणारा प्रत्येक शेजारी विचारतो, “काय, निघालात वाटतं?” आम्हीही गंभीरपणे “हो, निघालो” असे उत्तर देतो. या प्रश्नोत्तराने कोणाच्याही ज्ञानात कवडीची भर पडत नाही. तर्कशास्त्राच्या कसोटीस लावल्यास हा निव्वळ वाणीचा अपव्यय होय.

मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत. नित्याच्या बोलण्याची प्रयोजने मोजू गेल्यास माहिती देणे, वस्तू मागणे, मन वळविणे, राग काढणे अशी यादी सहज होते. पण शेजाऱ्याचा प्रश्न तीत कोठेच बसत नाही. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली अशा बोलण्याचा विचार केला व माणसांस परस्परांशी बांधणे हेच त्याचे कार्य, असे प्रतिपादिले. पॅसिफिकमधील ट्रोब्रियांड बेटांवर राहून आलेल्या या पंडिताचे म्हणणे आमच्या गल्लीसही तंतोतंत लागू पडते.

त्याची खरी प्रचीती २६ जुलै २००५ रोजी आली. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. कुलाब्यास मात्र अवघा ७३! उपनगरे बुडत आहेत याची दक्षिणेकडील कचेऱ्यांत कित्येकांस वार्ताही नव्हती. लोकल थांबल्या, टेलिफोन मुके झाले, मोबाईल लागेनासे झाले. हजारो माणसे पाणी तुडवीत रात्रभर चालली. त्यांत आम्हीही होतो. पुढे पाणी किती, वाट कोणती, हे अनोळखी माणसे एकमेकांस सांगत होती आणि त्या माहितीने अनेकांचे पाय वाचले. परंतु त्यापाठोपाठ येणारा प्रश्न एकच असे: “घरी कळवलंत का?” कळवावयाचे तरी काय होते? ‘आहे’ एवढा एक शब्द. तो पोहोचेना, म्हणून घरोघरी रात्रभर दिवे जळत राहिले.

हल्ली आमची कन्या मेट्रोने घाटकोपरास उतरली, की ‘पोचले’ एवढेच मोबाईलवर कळविते. ती पोहोचणार हे आम्हांस ठाऊकच असते. तरीही तो शब्द येईपर्यंत वर्तमानपत्रात लक्ष लागत नाही. विहिरीचा दोर रोज ओढला जातो, म्हणूनच तो कोठे विरला आहे हे वेळीच कळते. माणसामाणसांतील दोराचेही तसेच आहे.