घारापुरीचा हत्ती

भायखळ्याच्या राणीच्या बागेलगत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, काळ्या पाषाणाचा एक भव्य हत्ती उभा आहे. संग्रहालय पाहण्यास येणारे त्याच्याजवळ क्षणभर थांबतात व पुढे जातात. गेल्या हिवाळ्यात मुलांना घेऊन गेलो, तेव्हा आम्हा तिघा भावंडांचा मात्र तेथून पाय निघेना. तो हत्ती आमच्या गावचा, घारापुरी बेटावरचा आहे.

पोर्तुगीजांनी याच हत्तीवरून बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो कोसळून फुटला. ते तुकडे मुंबईत राहिले आणि १९१४ मध्ये पुन्हा सांधले गेले. ज्याच्यामुळे जग आमच्या बेटाला ओळखते, तो बेटावर नाही. आम्ही त्याला लहानपणी केवळ आजीच्या गोष्टींतून पाहिले होते.

सायंकाळी पर्यटकांची शेवटची लाँच गेली की बेट आमचे होई. जनरेटर काही तास चाले, मग कंदील. समोर मुंबई रात्रभर झगमगे. पावसाळ्यात समुद्र खवळला म्हणजे आजाऱ्याला पलीकडे नेणे हीसुद्धा कसोटी असे. पुढच्या शिक्षणासाठी बेट सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. एका जून महिन्यात वडिलांनी पत्र्याच्या पेट्या होडीत ठेवल्या. आई धक्क्यावर उभी राहिली; एक शब्द बोलली नाही. वसतिगृहातील पहिल्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. व्हरांड्यातील दिवा विझतच नव्हता.

फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्रतळातून केबल टाकून बेटावर कायमची वीज आली. त्या रात्री आईचा फोन आला. “आता घरात उजेड आहे. कधी येता?” एवढेच ती म्हणाली. नोकऱ्या आणि मुलांच्या शाळा यांची कारणे आमच्या ओठांवर होती. ती तिला सांगवली नाहीत.

हत्तीचे सांधे न्याहाळताना धाकट्या मुलीने विचारले, “याला परत घरी का नेत नाहीत?” त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. पण एक गोष्ट उमगली. हत्तीला इतरांनी त्यांच्या हौसेसाठी हलवले. आम्हांला आमच्याच माणसांनी, घर ओस पडेल हे ठाऊक असूनही, आमच्या भल्यासाठी पाठवले. पेटी आणि मूल वसतिगृहाच्या दारात ठेवून मागे वळणाऱ्या प्रत्येक पालकाचे ऋण याच जातीचे आहे. ते गुणपत्रिका दाखवून फिटत नाही. उंबरठ्यावर परत पाऊल ठेवावे लागते.

या मे महिन्यात आमची मुले महिनाभर आजीकडे राहणार आहेत. लेण्यांपलीकडच्या टेकडीवरील प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष त्यांनी अद्याप पाहिलेले नाहीत. ती वाट आजीच दाखवील.