गार पाय

लग्नात सासुरवाडीकडून मिळालेल्या वस्तूंपैकी घड्याळ दोन वर्षांत बंद पडलं, स्टोव्ह तिसऱ्या वर्षी भडकला आणि सुटाचं कापड शिंप्यानं बिघडवलं. टिकले ते फक्त आमच्या हिचे गार पाय. १९८१ च्या डिसेंबरात, नाशिकच्या थंडीत, ते पहिल्यांदा माझ्या पोटऱ्यांना लागले तेव्हा मी झोपेतच "साप! साप!" म्हणून ओरडलो. शेजारच्या खोलीतून वडील काठी घेऊन धावत आले. नव्या सुनेचं काय झालं असेल, ते सांगायला नको.

पुढं पंधरा वर्षं हा किस्सा मी येईल त्याला ऐकवला. पाहुण्यांना आधी चहा, मग पाय. "आमच्याकडे फ्रिज घेतला नाही तो एवढ्याचसाठी. उन्हाळ्यात दुधाचं पातेलं हिच्या पायाशी ठेवतो!" लोक हसत. हीही हसायची आणि कप गोळा करून आत जायची.

१९९६ च्या जानेवारीत मात्र माझीच बोटं गार पडायला लागली. आता, हातपाय गार पडणं म्हटलं की आपल्याकडे लोक गंगाजलाचा गडू शोधतात. त्यामुळे अस्मादिकांच्या बोटांची घरात ताबडतोब दखल घेतली गेली. आई सुंठ उगाळायला बसली. शेजारच्या काकूंनी लसणीचं तेल पाठवलं. मावशी तर काशाची वाटी घेऊन माझ्या तळपायांशीच बसल्या.

"मावशी, ती वाटी उष्णता काढायला असते ना?"

"उष्णता काढते, तर थंडीही काढेल. वाटीला काय कळतंय?"

ही वाटी पंधरा वर्षं घरातच होती. हिच्या पायांसाठी ती कधी कुणाला आठवली नव्हती; पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

शेवटी डॉक्टर. बरोबर ही होतीच, कागदांची पिशवी सांभाळायला. डॉक्टर बोलके निघाले. म्हणाले, "शरीर हे संसारी बाईसारखं असतं. ओढाताण सुरू झाली की हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांचं आधी भागवतं. हातापायांच्या बोटांचा नंबर शेवटी. तिकडच्या रक्तवाहिन्या सरळ आवळून घेतं." मग कारणं सांगितली. रक्त कमी असणं, थायरॉइड मंदावणं, सिगारेटनं वाहिन्या आखडणं. मधुमेहात नसा बिघडतात, त्यानंही पाय गार वाटतात. शिवाय मोरिस रेनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८६२ साली वर्णन केलेला एक विकार आहे. त्यात गारठ्यानं बोटं आधी पांढरी होतात, मग निळी, मग लाल. म्हणजे थेट फ्रान्सचा झेंडाच! तो फ्रेंच माणसालाच दिसावा हे ओघानं आलंच. मी मोठ्या आशेनं बोटं न्याहाळली. ती सावळीच होती.

निघालं ते अगदीच किरकोळ. रक्तदाबासाठी मी अटेनोलॉल घेत होतो; त्या गोळीनं काहींचे हातपाय गार पडतात. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. एवढ्या सुंठीनंतर नुसती गोळी! मी जरा खट्टूच झालो.

उठता उठता डॉक्टरांचं लक्ष हिच्याकडे गेलं. "वहिनी, जरा उजेडात या." त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक.

"जिना चढताना धाप लागते?"

"लागते थोडी."

"हातपाय गार असतात?"

ही माझ्याकडे बघून हसली. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर, आमच्याकडे फ्रिज घेतला नाही तो..."

डॉक्टर हसले नाहीत.

हिमोग्लोबिन ७.२ निघालं. बायकांना निदान १२ हवं. थायरॉइड ठीक होतं. दर महिन्याला अंगावरून फार जायचं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात सगळ्यांची पानं झाल्यावर उरलेल्यावर भागवायचं आणि वर जेवणाबरोबर चहा. अन्नातलं लोह तो चहा धड अंगी लागू देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तो चहा माझा. मला एकट्याला चहा जात नाही, म्हणून रोज अर्धा कप तिच्या माथी.

परतताना रिक्षात मी विचारलं, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगतच होतात की."

अंगावरून जाण्यावर औषध झालं. लोहाच्या गोळ्या ती लिंबाच्या सरबताबरोबर घेऊ लागली. जेवणाचा चहा चार वाजता गेला. दसऱ्याच्या सुमारास आकडा ११.८ वर आला. पाय काही शेगडीसारखे तापले नाहीत, पण काठी आणावी इतके गारही राहिले नाहीत.

साप मी अजूनही सांगतो, वडिलांची काठीही सांगतो. परवा एक जुने स्नेही चहा पिता पिता म्हणाले, "अरे, तुझा तो फ्रिजचा विनोद काय होता?"

"विसरलो बुवा," म्हणालो आणि कप गोळा करून आत गेलो.